सगुणाबाई आणि ड्रमवरचे शब्द

१९७९ साली मी रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागलो. आमचं गाव खांब. घरी भात आणि वालाची शेती, त्यापलीकडे कोणी नोकरी केलेली नव्हती. अलिबागच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती. तयार मालाचे नमुने तपासायचे आणि ड्रमवर काय लिहायचं त्याचा कागद सही करून ड्रमयार्डात पाठवायचा, हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात एक कागद पोचवायला मी स्वतः यार्डात गेलो. पत्र्याच्या शेडखाली एक बाई पाटावर बसून निळ्या ड्रमवर पांढरी इंग्रजी अक्षरं काढत होत्या. तिशीच्या असतील. आगरी पद्धतीनं नेसलेलं लुगडं, मनगटाला जुन्या कापडाची पट्टी बांधलेली, ओला रंग हाताला लागू नये म्हणून. साचा नव्हता, मोजपट्टी नव्हती. नुसत्या डाव्या हातानं काढलेली ती अक्षरं छापल्यासारखी एका उंचीची होती. फक्त एक गोष्ट विचित्र होती. त्या शब्द उजवीकडून डावीकडे लिहीत होत्या.

मी विचारलं, इंग्रजी असं उलटं कुठं शिकलात? त्यांनी ब्रश थांबवला नाही.

"मला येत नाय इंग्रजी. मी चित्र काढते. मी डावरी हाय, सरळ काढलं तर डाव्या अंगाच्या ओल्या रंगाला हात लागंल."

या सगुणाबाई. माहेर आणि सासर दोन्ही पेण तालुक्यातल्या खारेपाटात, खाडीकाठच्या गावांत. वडील मिठागरावर कामाला. मराठी चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग पेणला एका गणपतीच्या कारखान्यात त्या जाऊ लागल्या. सुरुवात माती मळण्यापासून. पुढे रंगकाम, आणि विशीच्या आत त्यांच्याकडे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आली. हे काम सहसा कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस करतो. त्यांचे यजमान पुंडलिक धाटावला आमच्या कंपनीत लोडर म्हणून लागले, तेव्हा त्या रोह्याला राहायला आल्या. कंपनीत ड्रमवर नावं घालणारा पेंटर सोडून गेला होता आणि नव्या माणसाच्या हातची अक्षरं ओघळून गिऱ्हाइकाच्या तक्रारी येत होत्या. पुंडलिक सुपरवायझरला म्हणाले, माझ्या बायकोला एकदा बसवून बघा. त्यांनी सोळा अक्षरी नाव एकही चूक न करता उतरवलं, आणि मग विचारलं, हे काय हाय?

ते कोणी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज कोणाला वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटली नसती.

दोनेक महिन्यांनी त्या लॅबच्या दाराशी आल्या. हातात शाळकरी वही. आत त्यांनी गेल्या वर्षभरातली नावं काढून ठेवली होती, चित्रासारखी, आणि काही अक्षरांभोवती लाल पेन्सिलीनं कुंपण घातलं होतं. पाच अक्षरांचा एक तुकडा दहा-बारा नावांत सारखा होता. हायड्रो.

"साहेब, हा तुकडा सारखा येतो. हा काय बोलतो?"

मी म्हणालो, ते रसायनाचं नाव आहे. त्या म्हणाल्या, नाव हाय ते कळलं, पण एवढ्या नावांत एकच तुकडा कसा? आमच्या गावात पुढं कोण म्हात्रे लावतो, कोण ठाकूर, ते एका भावकीतले म्हणून. हे कोणाच्या भावकीतले?

मी चार वर्षं कॉलेजात तो शब्द लिहीत होतो. हायड्रोजन, हायड्रोक्लोरिक, हायड्रॉलिसिस. त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी उद्या सांगतो म्हणालो आणि संध्याकाळी रोह्याच्या वाचनालयात जाऊन जाडजूड इंग्रजी कोश काढला. त्यात प्रत्येक शब्दाखाली तो कुठून आला ते बारीक अक्षरात दिलेलं होतं. हायड्रो म्हणजे पाणी, मूळ ग्रीक.

दुसऱ्या दिवशी मी ते सांगितलं. सगुणाबाईंनी वहीत त्या तुकड्यासमोर मराठीत लिहिलं, पाणी. मग विचारलं, ग्रीक कोण? मी म्हणालो, समुद्राकाठचा एक जुना देश आहे, तिथली भाषा. इंग्रजांनी औषधांची, रसायनांची नावं ठेवताना त्यांचे शब्द घेतले. त्यांनी मान डोलावली. "समुद्राकाठची मानसं हायत. मंग ठीक."

तिथून आमचा क्रम सुरू झाला. दर सोमवारी त्या एक तुकडा आणायच्या, मी शनिवारपर्यंत वाचनालयातून अर्थ आणायचा. हायग्रो म्हणजे ओल, स्कोप म्हणजे बघणं, ओलीवर डोळा ठेवून असलेला. म्हणजे ज्या पोत्यावर हायग्रोस्कोपिक लिहिलंय, त्याचं तोंड उघडं ठेवायचं नाही, आतला माल हवेतलं पाणी ओढून गोळा होतो. थर्म म्हणजे उष्णता, एक्झो म्हणजे बाहेर. क्लोर म्हणजे फिकट हिरवा. ब्रोम म्हणजे घाण वास. हे शेवटचं सांगितलं तेव्हा आजूबाजूचे लोडर हसले. ब्रोमीनची टाकी ज्यांनी एकदा उघडी बघितली होती, त्यांना ग्रीक शिकवायची गरज नव्हती.

एके दिवशी डब्याच्या सुट्टीत हॅलोजनचा नंबर आला. मी कोशातलं वाचून दाखवलं, हॅल म्हणजे मीठ आणि जन म्हणजे उत्पन्न करणारा. सगुणाबाईंनी तो शब्द आधी वहीत काढून घेतला. मग पुंडलिकांकडे वळून म्हणाल्या, "म्हनजे माझा बापूस हॅलोजन." पुंडलिक जेवत होते, त्यांना ठसका लागला. पण त्या हसल्या नव्हत्या. वडिलांनी आयुष्यभर खाजणात, खाऱ्या चिखलात उभं राहून जे केलं, त्याला कुठल्या तरी दूरच्या भाषेत मानाचं नाव आहे, याचं त्यांना खरोखर अप्रूप वाटलं होतं. वहीत त्यांनी त्या शब्दासमोर अर्थ लिहिला, आणि त्याखाली वडिलांचं नाव.

मी शिकवतो आणि त्या शिकतात, असं बाहेरून दिसत असेल. तसं ते नव्हतं. आमच्याकडे एक जेल बनायचं, त्यावर लिहायचं असे थिक्सोट्रॉपिक. थिक्सिस म्हणजे स्पर्श, ट्रोप म्हणजे वळणं, पालटणं. स्पर्शानं पालटणारा. मला लॅबमध्ये त्याची चाचणी करता यायची, पण नव्या कामगारांना ते समजावताना माझी त्रेधा व्हायची. घट्ट दिसतंय, ढवळलं की पातळ होतं, थांबवलं की पुन्हा घट्ट, असं का, हे त्यांच्या गळी उतरेना. सगुणाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, हा तर आमच्या खाडीचा चिखल. पाय रुतला की हालायचं नाही, जेवढी धडपड कराल तेवढा चिखल पातळ होतो आणि माणूस खाली जातो. गप्प उभं राहिलं की तोच चिखल पाय धरून ठेवतो. लहानपणी आई पहिली हीच गोष्ट शिकवते. पुढं मी त्या जेलविषयी कोणालाही सांगताना खाडीच्या चिखलापासूनच सुरुवात केली, मुंबईहून आलेल्या साहेबांनासुद्धा.

हळूहळू यार्डातली माणसं त्यांना विचारू लागली. ड्रम आला की कोणीतरी म्हणे, बाई, हा काय बोलतो? त्या वाकून बघत, बोटानं तुकडे पाडत आणि सांगत. पानी नसलेला. तेल आवडणारा. पान्याला भिनारा. लोडर त्याप्रमाणे ड्रम ठेवत. आमच्या कंपनीत हे कोणी ठरवलं नव्हतं, कागदावर कुठं नव्हतं.

मग १९८२ साली त्यांच्या हातून एक चूक झाली.

अ‍ॅन म्हणजे नसलेला, बिनाचा, हे त्यांना ठाऊक झालं होतं. अ‍ॅनहायड्रस म्हणजे पाणी नसलेला. त्या आठवड्यात मी रजेवर होतो आणि यार्डात अ‍ॅनिलिनचे ड्रम आले. एका कामगारानं विचारलं. सगुणाबाईंनी अ‍ॅन ओळखला आणि सांगितलं की यात काहीतरी नसतं, बहुतेक साधाच माल. अ‍ॅनिलिन साधा माल नाही. ते कातडीतून अंगात जातं. त्या कामगारानं हातमोजे घातले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ निळे पडायला लागले. वेळीच दवाखान्यात नेलं म्हणून दोन दिवसांत तो बरा होऊन घरी गेला. चूक खरं तर सुपरवायझरची होती, मोजे देणं त्याचं काम. पण बोलणी सगुणाबाईंना बसली. चौथी शिकलेल्या बाईनं इंग्रजी वाचायला कशाला जायचं, असं उघड बोललं गेलं.

मी परत आलो तेव्हा वही बंद होती. पंधरा दिवस त्यांनी मला एकही तुकडा विचारला नाही. अक्षरं काढायची, डबा खायचा, घरी जायचं. मी कोशात अ‍ॅनिलिन बघून आलो होतो. तो शब्द ग्रीक नव्हताच. आपल्या नीळ शब्दावरून अरबी, पोर्तुगीज असं फिरत फिरत तो तिकडं गेला होता. पूर्वी तो पदार्थ निळीपासून काढत. मी ते सांगायला गेलो, वाटलं त्यांना बरं वाटेल, की चकवणारा शब्द आपल्याच घरचा निघाला.

त्या म्हणाल्या, त्या पोराचे ओठ निळे झाले ते मी बघितलं. नीळ मला कारखान्यात रोज हाताला लागायची. मी ओळखायला पायजे होतं.

तसं ओळखता येणं शक्य नव्हतं, हे मी किती सांगितलं तरी त्यांना पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वही पुन्हा आली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नवी ओळ होती: तुकडा ओळखीचा दिसला तरी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पुढची दोन वर्षं त्या ही ओळ अक्षरशः पाळत होत्या. कोणी काही विचारलं तर म्हणत, थांबा, मोरूभाऊंना विचारते. मोरूभाऊ म्हणजे मी, मोरेश्वर. साहेबाचा भाऊ कधी झालो ते आता आठवत नाही.

आता १९८४ सालातल्या एका सकाळची गोष्ट सांगतो. मी तिथं नव्हतो. माझी दुसरी शिफ्ट होती आणि मी दुपारी पोचलो. मला जे माहीत आहे ते पुंडलिकांकडून आणि सुपरवायझर हैबतरावांकडून, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

आमच्या एका प्लांटमध्ये निकेलची बारीक काळी पूड कॅटॅलिस्ट म्हणून वापरत. वापरून झाली की ती ड्रममध्ये पाण्याखाली भरून परत पाठवायची. त्या दिवशी असे आठ ड्रम जायचे होते. प्लांटचे मुख्य साहेब मुंबईला गेले होते. त्यांनी लिहून ठेवलेला कागद सगुणाबाईंकडे आला होता, आणि आठही ड्रमवर एक नवा शब्द घालायचा होता. पायरोफोरिक.

ट्रकवाल्याचं म्हणणं पडलं की ड्रम पाझरतायत, पाणी सांडणारा माल मी नेणार नाही. हैबतराव नवीन होते, पोलादपूरकडचे, कामाला चोख. त्यांनी सरळ विचार केला. आत गाळ आहे, वर पाणी आहे, पाणी काढून टाकलं की वजनही उतरेल आणि गळतीही थांबेल. त्यांनी लोडरांना लिहून झालेले ड्रम आडवे करून पाणी ओतायला लावलं. दोन ड्रमांतला गाळ तर वाळावा म्हणून उन्हात गोणपाटावर पसरायला सांगितला.

सगुणाबाई शेडखाली सातव्या ड्रमवर होत्या. हात चालू होता आणि डोक्यात तो शब्द. पायरो त्यांना माहीत होता, आग. दुसऱ्या एका नावात आम्ही तो फोडला होता. राहिला फोर. तो त्यांना फॉस्फरसमध्ये भेटला होता. फॉस म्हणजे उजेड, फोर म्हणजे वाहून नेणारा, उजेड वाहणारा. आणि तो शब्द समजावताना मी सहज बोलून गेलो होतो, की फॉस्फरस हवेत आपोआप पेटतो म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात.

त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि उठून उन्हात आल्या. हैबतरावांना म्हणाल्या, पाणी काढू नका. हा आग वाहणारा हाय. याला पाण्यात ठेवलाय तो पेटू नये म्हणून.

हैबतरावांनी विचारलं, कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, कोणी नाही, शब्दात हाय. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट हैबतरावांच्या कानावर आलेली होती. मग ते जे बोलले ते त्यांनी मला पुढं स्वतःहून सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली होती. ते म्हणाले, "बाई, अ‍ॅनिलिनच्या टायमालापण तुमच्या शब्दात होतं."

आजूबाजूला सात-आठ माणसं होती. पुंडलिकही होते.  सगुणाबाईंचा चेहरा पडला, असं ते सांगतात. त्यांना वाटलं आता ही मागं फिरेल. माझ्यापर्यंत निरोप पाठवायचा तर मी खांबला घरी होतो, आणि आमच्याकडे फोन नव्हता. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं सगुणाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलेलं. आणि विचारायला कोणी नव्हतं.

त्या मागं फिरल्या, पण शेडकडे नाही. नळाखालची बादली उचलली, भरली आणि पहिल्या रिकाम्या केलेल्या ड्रममध्ये स्वतः ओतली. मग दुसरी भरायला गेल्या. हैबतराव आडवे आले तेव्हा थांबून म्हणाल्या, "मी चुकले तर परत ओतून टाका, भाऊ. पानीच हाय. तुम्ही चुकलात तर काय कराल?"

हैबतराव बादली धरायला पुढं झाले. तेवढ्यात गोणपाटाच्या कडेला, जिथं गाळाचा थर पातळ होता आणि ऊन लागून सुकला होता, तिथं धूर दिसला. मग काळ्या पुडीत लाल ठिपके. जाळ नव्हता, आवाज नव्हता. ठिपके एकमेकांकडे सरकत होते. पाच पावलांवर उरलेले ड्रम, आणि त्यांच्या मागं सॉल्व्हंटचं गोदाम.

पळालं मात्र कोणी नाही. हैबतरावांनीच पहिली बादली टाकली. माणसांची रांग लागली, गोणपाटं भिजवली, फावड्यानं तो सगळा गाळ उचलून पाण्याच्या टाकीत बुडवला, आठही ड्रम काठोकाठ भरले. अर्ध्या तासात सगळं संपलं. दोन गोणपाटं जळाली, एका लोडरच्या पायाला चटका बसला. एवढंच.

मी पोचलो तेव्हा सगुणाबाई आठव्या ड्रमवर शब्द पुरा करत होत्या. शेवटी काढलेल्या अक्षराचा बाक जरा वाकडा गेला होता. त्यांच्या हातचं वाकडं अक्षर मी तेवढं एकच बघितलं. मला बघून त्यांनी एकच विचारलं, फोर म्हणजे वाहणारा, तेच ना? मी हो म्हणालो. त्या हुश्श करून पाटावर बसल्या आणि पाणी मागितलं.

मुख्य साहेब दुसऱ्या दिवशी आले. चौकशी झाली. सगळ्यांना बोलावलं, सगुणाबाईंनाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला हे कसं कळलं, इथं सुपरवायझरला माहीत नव्हतं ते? त्यांना वाटलं मीच कधीतरी बजावून ठेवलं असेल.

"ड्रमवर लिहिलंय ना साहेब," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलं."

 साहेबांनी वही मागितली. उभ्या उभ्या सगळी पानं उलटून बघितली, आणि मला म्हणाले, हे भिंतीवर यायला हवं.

त्यावरून वेगळाच वाद झाला. सेफ्टीच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, कामगाराला एवढं कशाला, सगळ्या ड्रमवर लाल अक्षरात धोका लिहा आणि खाली कवटी काढा. सगुणाबाई मीटिंगमध्ये बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण तिथं बोलल्या. म्हणाल्या, सगळ्यांवर धोका लिहिलंत तर कशावरच नाय लिहिल्यासारखं. एकाला पाणी लागलं तर धोका, दुसऱ्याचं पाणी गेलं तर धोका. मानसानं काय करायचं? बोर्ड त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाला. यार्डाच्या भिंतीवर आठ फुटी, डावीकडे इंग्रजी तुकडा, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडे अर्थ. आग लाल रंगात, पाणी निळ्या, विष पिवळ्या. अ‍ॅनिलिन त्यांनी अगदी खाली वेगळ्या चौकटीत घातलं आणि पुढे लिहिलं, हा फसवतो. मी म्हणालो, हे नको, लोक जुनं काढतील. त्यांनी ऐकलं नाही.

त्या बोर्डासमोर रोज डबा घेऊन बसणारा पहिला माणूस हैबतराव. महिनाभरात त्यांना सगळा पाठ झाला. पुढं वीस वर्षं ते सुपरवायझर होते, आणि नवा कागद आला की सही करण्याआधी सगुणाबाईंकडे जाऊन विचारायचे, बाई, हा काय बोलतो. एवढ्या माणसांत ज्यानं एकदा आपल्याला खाली बघायला लावलं, त्याच्याशी त्या पुढं कधी आखडून वागल्या नाहीत. हैबतरावांच्या मुलीच्या लग्नाला पोलादपूरला जाऊन आल्या.

१९९६ साली छापील लेबलं आली. हातानं अक्षरं काढायचं काम संपलं. कंपनीनं त्यांना कँटीनमध्ये जायला सांगितलं. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, लेबल छापील झालं म्हणून वाचनारा छापील झाला का? मी त्यांचा अर्ज लिहून दिला. तेव्हा ठेक्यावरची माणसं यायला लागली होती, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली, दर दोन महिन्यांनी नवी. त्यांना पहिल्या दिवशी गेटजवळच्या खोलीत तासभर बसवून शब्द शिकवायचं काम सगुणाबाईंना मिळालं. हिंदी त्यांची त्यांनीच घडवली होती. "ये आग को लेके चलता है, इसका पानी मत निकालने का." भाषा कशीही असो, कोणाला समजलं नाही असं झालं नाही. दहा वर्षं त्यांनी हे केलं. किती माणसं त्यांच्यासमोर बसून गेली त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मी एवढं सांगू शकतो की त्या दहा वर्षांत आमच्या यार्डात चुकीच्या ड्रमला हात लावून कोणी जखमी झालं नाही, आणि आसपासच्या कारखान्यांत माझ्या ओळखीच्या कोणालाही असं म्हणता येत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्या आणि पुंडलिक खारेपाटात आपल्या घरी परत गेले. पुंडलिक आता नाहीत. मी वर्षातून दोनदा तरी रोह्याहून गाडी पकडून पेणला उतरतो आणि त्यांच्याकडे जातो. मागे मी त्यांना एक कोश भेट दिला होता, शब्द कुठून आला ते सांगणारा. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी त्याचा क्रम, त्याची चिन्हं समजून घेतली. आता त्यांना माझी गरज लागत नाही.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा ओटीवर पाच-सहा मुली बसलेल्या. शेजारची सरू नर्सिंगला आहे, तिनं मैत्रिणी आणलेल्या. इंग्रजी नावं पाठ होत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेल्या मुली. सगुणाबाई पंचाहत्तरीच्या, चष्मा नाकावर, नवी वही मांडीवर. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड. हेपॅट म्हणजे यकृत. आयटिस म्हणजे सूज. अल्जिया म्हणजे दुखणं. "आता तूच जोड गो," त्या म्हणायच्या, आणि मुलगी जोडायची. मी एका कोपऱ्यात बसून ऐकत होतो. परीक्षा घेणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही यातले निम्मे तुकडे फोडून सांगता आले नसते.

सरूला त्यांची गंमत करायची होती. तिनं पुस्तकाच्या मागच्या पानावरून एक शब्द शोधून आणला होता, बोर्बोरिग्मस. म्हणाली, आजी, हा फोडून दाखव.

सगुणाबाईंनी तो कागदावर काढून घेतला. सवयीनं उजवीकडून डावीकडे. बोटानं इथं तोडून बघितला, तिथं तोडून बघितला. एकही तुकडा ओळखीचा निघेना. मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मलाही येत नव्हता. मग त्यांनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवला आणि तो शब्द हळूहळू तोंडानं म्हटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा घशातून.

"सरू," त्या म्हणाल्या, "पोट वाजतंय का कोनाचं?"

सरूनं पुस्तक मिटलं. तोच अर्थ होता, पोटातली गुडगुड. ग्रीक लोकांनी तो शब्द नुसत्या आवाजावरून केला होता, असं नंतर कोशात सापडलं. त्या मात्र नुसतं ऐकून थांबल्या नाहीत. सरूकडून पान मागून घेतलं, स्वतः पडताळून बघितलं आणि मगच वहीत लिहिलं. मुली अजून हसत होत्या. सगुणाबाई उठल्या, म्हणाल्या शब्द आला म्हणजे भूक पन आली असंल, आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला आत गेल्या.